पंधरा दिवसांचा नाताळ

ठाण्याच्या एका मालिका-लेखिकेने विचारलं आहे: "टीव्हीसाठी बनवलेले अमेरिकन नाताळपट या डिसेंबरात लागोपाठ सात-आठ पाहिले. शहरातली मुलगी गावी येते, गावातला सुतार भेटतो, बंद पडणारी बेकरी वाचते, शेवटी बर्फात चुंबन. हे सगळे इतके सारखे कसे? बनवणारे मनापासून बनवतात की नुसता कारखाना आहे? आणि गणपती-दिवाळीचे असे चित्रपट आपल्याकडे का होत नाहीत?"

मी मूळची वसईची. गोरेगावच्या फिल्मसिटीत सहा वर्षं मालिकांचे सेट सजवले. आता चौदा वर्षं झाली, कॅनडात व्हँकुव्हरच्या आसपास तेच काम करते. या काळात बावीस नाताळपटांची घरं, दुकानं आणि चौक सजवले आहेत, त्यामुळे जे सांगते ते सेटवरून दिसलेलं आहे.

सारखेपणाचं कारण लेखकाच्या टेबलावर सापडणार नाही, ते कॉलशीटवर, म्हणजे रोजच्या चित्रीकरणाच्या वेळापत्रकावर आहे. संहिता साधारण शंभर-एकशे पाच पानांची असते आणि चित्रीकरणाला दिवस मिळतात पंधरा. आठवड्याचे पाच दिवस धरून तीन आठवडे. म्हणजे रोज सात पानं. मोठ्या पडद्याच्या चित्रपटात दिवसाला दोन-तीन पानं झाली तरी चांगला दिवस मानतात. तुम्ही मालिका लिहिता, तुम्हाला सात पानांचं विशेष वाटणार नाही. पण मालिकेत देशमुखांचा दिवाणखाना वर्षभर उभा असतो, दिवेही लावून ठेवलेले असतात. इथे रोज नवी जागा, आणि जागा कुठलीही असो, तिथे नाताळ दिसायलाच हवा. वकिलाच्या ऑफिसात, मोटारीच्या आरशाला, दवाखान्याच्या खिडकीत. वाहिनीची ही अपेक्षा पहिल्या बैठकीतच सांगितली जाते.

संहिता हातात आली की आमचा फर्स्ट एडी, म्हणजे वेळापत्रक सांभाळणारा पहिला सहायक दिग्दर्शक, आधी रात्रीचे बाहेरचे प्रसंग मोजतो. यातले बरेच चित्रपट उन्हाळ्यात शूट होतात, आणि व्हँकुव्हरला जूनमध्ये सूर्य सव्वानऊच्या पुढे मावळतो. खरा काळोख दहानंतर, आणि चारच्या सुमाराला पुन्हा फटफटायला लागतं. त्यात किती प्रसंग बसणार? मग अंगणातलं कॅरोलगायन घरात येतं, खिडक्यांना बाहेरून काळं कापड ताणून भर दुपारी रात्र केली जाते. नंतर तो मोजतो गर्दी. ज्युनिअर कलाकारांची मोठी गर्दी एका दिवसापुरतीच परवडते, म्हणून गावच्या चौकातल्या झाडावर दिवे लावण्याचा सोहळा प्रत्येक चित्रपटात एकदाच आणि बहुतेक सगळं गाव त्याच एका प्रसंगात. तिसरी गोष्ट म्हणजे जागा बदलणं. ट्रक, दिवे, मेकअपच्या गाड्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायच्या तर दीड-दोन तास हातचे जातात. म्हणून बेकरी, पुस्तकांचं दुकान, नायिका उतरते ते छोटं हॉटेल आणि चौक हे सगळं एकाच रस्त्यावर हवं. फोर्ट लँगलीसारख्या गावात ते मिळतं, ऑन्टारियोतल्या अल्मॉन्टमध्ये मिळतं. नायिका दर वेळी छोट्याच गावात का येते, याचं एक कारण हे आहे. पंधरा दिवसांत मोठं शहर उभं करता येत नाही, एक रस्ता मात्र नीट उभा करता येतो.

दुसरं कारण ब्रेक. दोन तासांच्या स्लॉटमध्ये चित्रपट पंच्याऐंशी मिनिटांच्या आसपास असतो, उरलेल्या वेळात जाहिराती. हॉलमार्क या अमेरिकन वाहिनीच्या चित्रपटाचे नऊ अंक पडतात. म्हणजे आठ वेळा प्रेक्षक उठून स्वयंपाकघरात जाणार आणि आठही वेळा त्याला परत आणायचं. तुमच्याकडे यासाठी खलनायिका असते, पायऱ्यांवर सांडलेलं तेल असतं. इथे खून नाही, शिवी नाही, कुणाच्या वाईटावर उठलेलं माणूसही बहुधा नाही. मग काय उरतं? जुळता जुळता राहिलेलं चुंबन, अर्धवट ऐकलेला फोन, शहरातून आलेली नोकरीची ऑफर. शेवटून दुसऱ्या अंकातला गैरसमज लेखकाला सुचतो असं नाही, तिथे तो ठेवावाच लागतो. एवढ्या मोजक्या सोंगट्यांवर आठ वेळा ओढ निर्माण करणं किती अवघड आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तिसरं कारण पैसा. एरवी यावर कुणी फारसं बोलत नाही, पण पडद्यावर कोण दिसणार हे तिथेच ठरतं. कॅनडात एखादा चित्रपट 'कॅनेडियन' म्हणून मान्य व्हायला दहापैकी किमान सहा गुण लागतात. दिग्दर्शकाचे दोन, लेखकाचे दोन, मग पहिल्या दोन प्रमुख कलाकारांचा, छायालेखकाचा, प्रॉडक्शन डिझायनरचा, संगीतकाराचा आणि संकलकाचा प्रत्येकी एक. दिग्दर्शक किंवा लेखक यांपैकी एक जण आणि दोन प्रमुख कलाकारांपैकी एक जण कॅनेडियन असणं सक्तीचं. असं प्रमाणपत्र मिळालं की वेतनावरच्या पात्र खर्चाच्या 25 टक्के केंद्राकडून करसवलत मिळते, आणि प्रांताची सवलत त्यावर वेगळी. ब्रिटिश कोलंबियाने स्थानिक निर्मितीसाठीची आपली सवलत 2025 पासून 35 टक्क्यांवरून 40 वर नेली. आता पडदा आठवून पाहा. नायिका अमेरिकेतल्या घराघरांत ओळखीची, नायक मात्र देखणा पण नाव चटकन न आठवणारा. तो बऱ्याचदा आमच्याकडचा असतो. सगळेच नाताळपट या वाटेने जात नाहीत, काही बाहेरच्या निर्मितीसाठी असलेली वेगळी सवलत घेतात. पण हा हिशोब सुरुवातीलाच होतो, कथा त्याच्या मागून चालते.

कथा अमेरिकेतल्या व्हरमाँटची आणि रस्ता कॅनडाचा, त्यामुळे सकाळी आमचं पहिलं काम लपवालपवीचं असतं. कॅनडा पोस्टच्या लाल पेट्या झाकायच्या, अमेरिकन टपालाची निळी पेटी उभी करायची, गाड्यांच्या पाट्या बदलायच्या, इंग्रजी-फ्रेंच दोन्ही भाषांतले फलक काढायचे, मॅपलच्या पानाचे झेंडे उतरवायचे. एकदा बेकरीच्या फळीवर मागच्या रांगेतलं दुभाषी लेबलाचं साखरेचं पाकीट राहून गेलं. संपूर्ण प्रसंग शूट झाल्यावर ते कंटिन्युइटीवालीला, म्हणजे एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ सांभाळणारीला दिसलं. तेव्हापासून प्रत्येक फळीवरून मी स्वतः बोट फिरवून जाते.

आता बर्फ. यावर लिहायला मला सगळ्यात आवडतं, कारण पाहणाऱ्याला वाटतं की यंत्र लावलं की बर्फ पडतो. प्रत्यक्षात तो थराथराने रंगवावा लागतो, एखाद्या निसर्गचित्रासारखा. सगळ्यात मागे, छपरांवर आणि लांबच्या हिरवळीवर, पांढऱ्या कृत्रिम कापसाच्या गाद्या अंथरायच्या. कडा जमिनीत दडपायच्या, नाहीतर गादी ती गादीच दिसते. मधल्या पट्ट्यात कागदाचा भुगा. तो एका नळीतून वाऱ्याच्या जोराने उडतो आणि दुसरीकडून पाण्याचा फवारा मारायचा, म्हणजे फांदीला, कुंपणाला चिकटून बसतो. कलाकाराच्या पायाशी मात्र खऱ्या बर्फाचा किसलेला चुरा लागतो. त्यात पाय रुततो, ठसा उमटतो, आणि माणसाची चालच बदलते. कापसाच्या गादीवर चालणाऱ्या माणसाचे गुडघे खोटं बोलतात. वरून पडणारा बर्फ साबणासारख्या द्रवाच्या फेसाचा. त्याचं यंत्र इतकं घोंघावतं की संवादाच्या वेळी ते लांब न्यायचं किंवा आवाज नंतर घ्यायचा. खिडकीच्या कडेला साचलेल्या बर्फाला मी जाडं मीठ वापरते. जवळून कॅमेरा आला की त्याचा दाणा चमकतो. आणि पायाखालची करकर बहुतेक वेळा सेटवरची नसतेच. नंतर स्टुडिओत कॉर्नफ्लोअर भरलेली पिशवी दाबून ती काढतात. हा आवाज घरी करून पाहा, अगदी ताज्या बर्फावर चालल्यासारखा येतो.

ही विद्या जुनी आहे. एके काळी हॉलिवूडमध्ये पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स बर्फ म्हणून वापरायचे आणि ते पायाखाली इतके कुरकुरायचे की संवाद पुन्हा मुद्रित करावे लागायचे. 1946 चा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' उन्हाळ्यात शूट झाला, तेव्हा आरकेओ स्टुडिओच्या माणसांनी आग विझवायच्या फेसात साबण आणि पाणी मिसळून आवाज न करणारा बर्फ बनवला आणि त्यासाठी त्यांना अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. त्याआधी तर बर्फासाठी ॲस्बेस्टॉसही उधळलं जायचं. त्या कामगारांच्या फुप्फुसांचं काय झालं असेल, हा विचार मला आजही भुग्याचं पोतं फोडताना येतो. मास्क न लावता माझ्या हाताखालच्या कुणालाही मी नळीपाशी उभं राहू देत नाही. 'इट्स अ वंडरफुल लाइफ'चा कॉपीराइट 1974 मध्ये नूतनीकरणाअभावी संपला, स्थानिक वाहिन्या तो फुकटात पुन्हा पुन्हा दाखवू लागल्या, आणि नाताळात टीव्हीसमोर बसून जुना, ओळखीचा चित्रपट पाहायची सवय अमेरिकेत आणखी घट्ट झाली.

उन्हात लोकरीचे कोट घालून उभ्या असलेल्या कलाकारांबद्दलही सांगायला हवं. दोन टेकच्या मध्ये कोट काढायचा, मानेला बर्फाची पिशवी लावायची, घाम टिपायचा, परत कोट चढवायचा आणि गारठल्यासारखे हात चोळत प्रेमाचा संवाद म्हणायचा. लेसी शॅबर्टसारख्या अभिनेत्रीने हॉलमार्कसाठी तीसहून जास्त चित्रपट केले आहेत. लोक याला सोपं काम समजतात. दिवसाला सात पानं पाठ, एका प्रसंगाला दोन-तीन टेक, आणि डोळ्यांत प्रत्येक वेळी तोच ताजा आनंद! मी रंगभूमीवरची चांगली माणसं पाहिली आहेत आणि तरी सांगते, ही मेहनत कमी प्रतीची नाही.

दिग्दर्शकांचीही एक गंमतशीर वंशावळ आहे. रॉन ऑलिव्हर या कॅनेडियन दिग्दर्शकाने 1980 च्या दशकात भयपट लिहिला होता, पुढे तो नाताळपटांतला नावाजलेला माणूस झाला. फ्रेड ओलेन रे हाही कमी खर्चाच्या भयपटांतून आलेला. हा योगायोग नाही. एक घर, पाच-सहा माणसं, तुटपुंजे दिवस आणि प्रेक्षकाला ठरलेल्या क्षणी ठरलेली भावना देण्याची शिस्त, हे दोन्हीकडे सारखंच लागतं.

मनापासून करतात का, या प्रश्नाकडे येते. माझ्या डोळ्यांसमोर कॉफीचा कप येतो. या चित्रपटांवर नेहमीची टीका अशी की पात्रं रिकामे कप हातात घेऊन फिरतात, आणि ते खरंही आहे. कागदी कपात गरम पेय ठेवलं तर ते कोटावर सांडतं, आणि दुसरा तसाच कोट असेलच असं नाही. पण रिकामा कप माणूस दोन बोटांत उचलतो आणि तिथेच प्रसंग खोटा पडतो. आमच्या प्रॉप्सवालीने यावर स्वतःच्या घरी खटपट केली. कपाच्या तळाशी ती वाळूची छोटी पुरचुंडी चिकटवते, वर पुठ्ठ्याची चकती, त्यावर चमचाभर पाणी. कप जड होतो, मनगट आपोआप वळतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि याचे जादा पैसे मिळत नाहीत. कारखान्यात माल सारखा असतो, हे मान्य. पण पैठणीच्या पदरावर मोर दर वेळी असतोच, म्हणून विणकराने मन घातलं नाही असं आपण म्हणत नाही.

उलटंही पाहिलंय, ते लपवत नाही. एका निर्मितीत शेवटच्या रात्री पाऊस आला. व्हँकुव्हरचा पाऊस, धरला की सोडत नाही. रस्ताभर टाकलेल्या कागदी बर्फाचा लगदा झाला, गटारांच्या जाळ्या तुंबल्या. बजेटमधून सफाईचा दिवस आधीच कापलेला होता. कोपऱ्यावरच्या फुलवालीने आपलं दुकान आम्हाला तीन दिवस दिलं होतं आणि तिच्या दारात घोटाभर पांढरा चिखल. रविवारी आम्ही सहा जणी फावडी घेऊन गेलो आणि तो काढला. कुणी पगार दिला नाही, पण राग त्याचा नाही. त्या रस्त्याने पुन्हा दोन वर्षं कुठल्याच नाताळपटाला परवानगी दिली नाही, आणि ते मला बरोबरच वाटलं.

वसईच्या माणसाला या चित्रपटांत एक गोष्ट चटकन खटकते: नाताळ आहे आणि चर्च नाही. असलंच तर लांबवर, घंटेपुरतं. आमच्याकडे नाताळ म्हणजे मध्यरात्रीची मिस्सा, भाताच्या पेंढ्याचा गोठा आणि गोठ्याभोवती हिरवळ दिसावी म्हणून आधी पेरून ठेवलेली नाचणी. अमेरिकेत टीव्हीवरचा नाताळ प्रायोजकाच्या बोटाला धरून वाढला. हॉलमार्क ही मुळात 1910 साली जॉइस हॉल या गृहस्थाने कॅन्सस सिटीत सुरू केलेली शुभेच्छापत्रांची कंपनी. 24 डिसेंबर 1951 ला तिने एनबीसी या वाहिनीवर संगीतकार मेनोटीचा 'अमाल अँड द नाइट व्हिजिटर्स' हा खास टीव्हीसाठी रचलेला ऑपेरा प्रायोजित केला. त्या कथेत ताऱ्यामागे निघालेले तीन राजे होते. स्वतःची वाहिनी 2001 मध्ये आली आणि नाताळपटांची सलग मालिका 2009 पासून. अलीकडे तर ती ऑक्टोबरातच सुरू होते. इतक्या वेगवेगळ्या घरांत एकाच वेळी शिरायचं म्हणून धर्म मागे सरला आणि कुकीज पुढे आल्या, असं मला वाटतं.

पण घरं बदलली की चित्रपटही बदलतात. डिसेंबर 2019 मध्ये हॉलमार्कने दोन वधूंच्या लग्नाची एक जाहिरात काढून टाकली, गदारोळ झाला, काही दिवसांत माफी मागून ती पुन्हा दाखवायचं जाहीर केलं. पुढच्या महिन्यात वाहिनी चालवणाऱ्या कंपनीचे प्रमुख बिल ॲबट बाहेर पडले. 2020 मध्येच आलेल्या 'द ख्रिसमस हाउस'मध्ये मूल दत्तक घेऊ पाहणारं पुरुष जोडपं होतं. ॲबट यांनी दुसरी वाहिनी हाती घेतली. तिथे धार्मिक आणि पारंपरिक नाताळ पुढे आला. माझ्या दृष्टीने दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांना आपलं घर पडद्यावर दिसावंसं वाटणं खरंच आहे. सजवणारीने प्रत्येक घर तितक्याच आस्थेने सजवावं, एवढंच माझ्या हातात असतं.

आता गणपती-दिवाळीचे चित्रपट. आपल्याला ऋतूसाठी आधीपासून तयारी करणं नवीन नाही. 1909 मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी संपादक भर पावसाळ्यात दिवाळीची कामं करत आले आहेत. अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली, एकच चित्रपट काढून भागत नाही. हॉलमार्क वर्षाला नाताळचे डझनावारी नवे काढते, म्हणून तेच तंत्रज्ञ, तीच झाडं, तेच दिव्यांचे खोके पुन्हा वापरता येतात आणि खर्च आटोक्यात राहतो. निदान सहा चित्रपटांची गणेशोत्सवी मालिका घेणारी वाहिनी मिळाली तरच हिशोब बसेल.

दुसरी अडचण माझ्या खात्यातली आहे. बर्फ खोटा करता येतो, भाद्रपदातलं कोकण करता येत नाही. मे महिन्यात सावंतवाडीजवळ कॅमेरा लावलात तर लाल धूळ आणि सुकलेलं गवत दिसणार. कौलावरचं शेवाळ, चिऱ्यांच्या भिंतीतून उगवलेलं नेचं, पागोळ्या, हे कुठल्या नळीतून उडवणार? म्हणून नाताळपटाचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका. बाहेरचे प्रसंग आदल्या वर्षीच्या पावसातच, ऑगस्ट-सप्टेंबरात, पाच-सहा दिवसांत उरकून घ्या. घरातले प्रसंग हिवाळ्यात करा. ओटी, माजघर, मखर सगळं आत बांधता येतं. कोटाच्या जागी इथे छत्री आणि ओले पाय येतील, त्यांची कंटिन्युइटी सांभाळायला चोख माणूस घ्या.

आणि मूर्ती सगळ्यात आधी सांगा. पेण-हमरापूरच्या कारखान्यांत काम वर्षभर चालतं, पण शूटसाठी एक मूर्ती पुरणार नाही. न रंगवलेली, डोळे लिहायच्या आधीची, पूर्ण झालेली, आणि विसर्जनाच्या दोन टेकसाठी शाडूच्या दोन, म्हणजे किमान पाच, एकाच साच्यातल्या. कारागिराला पहिल्या भेटीतच सांगा की हे चित्रीकरणासाठी आहे आणि प्राणप्रतिष्ठा होणार नाही. काही जण नाही म्हणतील, त्यांचं ऐकून दुसऱ्या दारात जा. जो हो म्हणेल, त्याचेच हात डोळे लिहिण्याच्या प्रसंगात दाखवा, नटाचे नकोत. तो कुंचला कसा धरतो, आधी श्वास कसा रोखतो, हे पंधरा दिवसांत कुणालाही शिकवता येणार नाही.